मामांची गाडी उरळीला अडायची

शिरूरहून दौंडला जायचं म्हणजे न्हावऱ्यावरून जाणारी एसटी धरायची. ती खिडक्या वाजवत, प्रत्येक फाट्यावर माणसं गोळा करत, कधीतरी दौंडला पोचायची. मला त्या प्रवासाचा कधी कंटाळा आला नाही. आमच्या शिरूरच्या घरात सगळं वडिलांच्या पाळीवर चालायचं. ते कारेगावच्या बाजूला कारखान्यात होते आणि रात्रपाळी करून आले की दुपारी घरात भांडं वाजवायची सोय नव्हती. आई भाकरीसुद्धा दबकत थापायची. दौंडला सगळं याच्या उलट. मामांचं क्वार्टर रुळांच्या इतकं जवळ होतं की गाडी जाताना फळीवरची ताटं किणकिणायची. बोलणारा माणूस वाक्य अर्ध्यात सोडून गप्प व्हायचा आणि गाडी गेली की त्याच शब्दापासून पुढे बोलायला लागायचा. मामीची शेंगोळी रटरटत असायची, लसणाचा वास अंगणापर्यंत यायचा. त्या घरात मोठ्यानं बोललेलं कुणाला खपत नाही असं कधी झालं नाही, आणि मी जन्मजात बोलघेवडी, त्यामुळे सुट्टी लागली की माझी पिशवी भरलेलीच असायची.

मामा इंजिन ड्रायव्हर होते. कागदावर त्यांचं पद काहीही असो, दौंडात ड्रायव्हर म्हणजे ड्रायव्हर. त्या शब्दाला वजन होतं. किराणा दुकानातसुद्धा "ड्रायव्हरसाहेबांच्या घरचं सामान आधी बांध" असं म्हणायचे. आमचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, उभा जन्म मेंढरांमागं हिंडलेले. लेकाला पहिल्यांदा इंजिनात बघून ते म्हणाले होते, "माझी मेंढरं लोकरीची, ह्याची लोखंडाची. पर वळायचं काम तेच." हे वाक्य मामा पाहुण्यांना सांगताना नेहमी छाती थोडी पुढे काढायचे. अंगणात खाटेवर बसून नुसत्या भोंग्यावरून इंजिन कुठलं ते सांगायचे, आणि आम्ही भाचरं पळत जाऊन खरं आहे का बघून यायचो. ते कधी चुकले असतील तर मला आठवत नाही, किंवा आम्ही तसं सांगितलं नसेल.

ज्या उन्हाळ्याची ही गोष्ट, त्याच्या आधी काही महिने मामा डोळ्यांच्या तपासणीत पास झाले नाहीत. लांबचं नीट दिसत नाही म्हणून त्यांना इंजिनावरून खाली उतरवलं आणि ऑफिसात टेबल दिलं. पगाराची वगैरे ओढाताण नव्हती, पण घरात डोळा हा शब्द उच्चारायचा नाही असं ठरून गेलं. मामी गाजराची कोशिंबीर करायची आणि ती गाजरं का आहेत हे कुणी बोलायचं नाही. सकाळी मामा ऑफिसला जायचे, संध्याकाळी येऊन खाटेवर बसायचे. भोंगा वाजला की पूर्वीसारखं सांगायचे नाहीत. मी मुद्दाम विचारलं, "मामा, हे कुठलं?" तर म्हणाले, "आसंल कुठलंतरी." मला तेव्हा रडू आलं होतं. आजही हे लिहिताना येतंय.

घरात एक कॉम्प्युटर होता. तो विनूदादाचा, मामांच्या मुलाचा. दादा नोकरीला बंगळूरला गेला आणि कॉम्प्युटर मागे राहिला. मामीनं त्याला झालरीचं आवरण शिवलं होतं. आत एक ग्राफिक्स कार्ड होतं, गेम नीट दिसावेत म्हणून दादानं मामीशी भांडून घेतलेलं. मी शिरूरच्या स्टँडजवळच्या क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकत होते, त्यामुळे त्या घरात मलाच कळतं असं सगळे धरून चालायचे. दादाच्या सीड्यांमध्ये मला आगगाडी चालवायचा एक गेम सापडला. परदेशातली गाडी, बाहेर बर्फच बर्फ, स्टेशनांची नावं वाचताना जीभ अडखळावी अशी. मी दुपारचा वेळ काढायला तो लावला आणि मला गाडी काही हलवता येईना.

मामा ऑफिसातून आले, चपला काढता काढता थांबले. स्पीकरमधून भोंगा वाजला होता. "ह्यो हॉर्न आपल्यातला न्हाई," ते दारातूनच म्हणाले. मग माझ्या मागे येऊन उभे राहिले. शेवटी त्यांना राहवेना. "आगं मने, ब्रेक लागल्याला हाय आन् तू नुसता जोर वाढवतीस. आधी ब्रेक सोड." मी ब्रेक सोडला. गाडी हलली. मामांनी खुर्ची ओढली, मला सरकवलं आणि म्हणाले, "तू माझ्या उजव्या हाताला बस. आसिस्टंट तिथं बसतो."

त्या दिवसापासून मी असिस्टंट झाले. मामांनी नियम सांगितला. सिग्नल दिसला की ड्रायव्हरनं मोठ्यानं रंग म्हणायचा, असिस्टंटनं आपल्या डोळ्यांनी बघून तोच रंग पुन्हा म्हणायचा. "म्या म्हनलं म्हनून म्हनायचं न्हाई. तुला दिसंल त्ये म्हनायचं." मामा हात पुढे करून म्हणायचे, "हिरवा!" मी म्हणायचे, "हिरवा!" स्वयंपाकघरातून मामी ओरडायची, "आरं, शेजारी काय म्हनतील!" पडदा हातभर अंतरावर, त्यामुळे मामांना सगळं स्वच्छ दिसायचं. त्या जिभेला न वळणाऱ्या स्टेशनांना मामांनी आपली नावं दिली. पहिलं पाटस, मग केडगाव, मग यवत, मग उरळी. शेवटचं मोठं स्टेशन म्हणजे पुणं. बर्फातून जाताना मामा म्हणायचे, "यवत आलं, भोंगा दे," आणि मी बटण दाबायचे. त्यांचा आवाज परत आला होता. जेवताना ते मामीला सांगायचे, आज केडगावला गाडी दोन मिनिटं लेट झाली. मामी भाकरी वाढत नुसती हसायची.

पण गाडी पुण्याला पोचत नव्हती. उरळी सोडली की एक लोखंडी पूल लागायचा, आणि त्या पुलावर कॉम्प्युटर हँग व्हायचा. चित्र गोठायचं, स्पीकरमधून घर्रर्र असा एकच आवाज अडकून राहायचा. मग निळा पडदा, मग सगळं बंद. मामा म्हणायचे, "इंजिन फेल." पहिल्यांदा हसून म्हणाले. नंतर नंतर हसेनात. पुढच्या खेपेला पूल दिसायला लागला की त्यांचा हात कीबोर्डवर घट्ट व्हायचा. एकदा म्हणाले, "मने, आजवर मी एकबी गाडी मधी सोडून आलो न्हाई. ही कशी पोचंना?" ते मला म्हणाले की स्वतःला, कळलं नाही. एवढं मात्र कळलं की ही गाडी पोचवायलाच पाहिजे.

मला जेवढं येत होतं तेवढं मी केलं. त्या काळी सगळ्या रोगांवर पहिलं औषध म्हणजे रॅम काढून तिची सोनेरी कड शाळेतल्या खोडरबरानं घासायची. घासली. गेम काढून परत टाकला. स्टेशनजवळच्या इंटरनेट कॅफेत जाऊन इंग्रजीतली पानं डोळे ताणून वाचली. जगभरातली माणसं तिथं हेच विचारत होती की गेम लावला की मशीन बंद का पडतं, आणि खाली दुसरी माणसं उत्तर म्हणून लिहीत होती की आमचंही तसंच होतं. आता माझी मुलगी तिच्या लॅपटॉपवर असले गेम खेळते. काही अडलं तर तिथल्या तिथं विचारते आणि उत्तर मिळून मोकळी होते. तिला मी सांगितलं की आम्ही एका पुलापाशी अख्खा उन्हाळा अडकलो होतो, तर तिला ते विनोदी वाटलं. आहेच म्हणा.

शेवटी यासीनला बोलावलं. त्याचं बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, विनूदादाचा वर्गमित्र. हुशार पोरगा, फक्त तोंडाला लगाम नाही. त्यानं मशीन लावलं, पुलापर्यंत गाडी नेली, ती बंद पडलेली पाहिली आणि मान हलवली. मामा शेजारीच उभे होते. यासीन सहज म्हणाला, "काका, सिंपल हाय. ड्रायव्हर जुना झालाय. काढून टाकू, नवा टाकू. जुन्या ड्रायव्हरला आता हे झेपत न्हाई."

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं. मी मामांकडे बघितलं आणि घाईघाईनं म्हणाले, "मामा, ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवायचा प्रोग्राम असतो. त्याला ड्रायव्हरच म्हणतात." मामा म्हणाले, "व्हय. कळलं की. मंग टाक काढून." आणि अंगणात खाटेवर जाऊन बसले. यासीनला काय झालं ते मी खुणेनं सांगितलं, तेव्हा त्यानं दातांखाली जीभ चावली, दोन्ही कानांना हात लावले. त्यानंतर त्या घरात त्यानं तो शब्द पुन्हा उच्चारला नाही. नाव काढायची वेळ आली की "ते सॉफ्टवेअर" म्हणायचा.

नवं टाकलं तरी गाडी त्याच पुलावर अडली. मी घाबरत अंगणात जाऊन सांगितलं. मामांनी मान वर केली. "नव्या ड्रायव्हरलाबी जमंना व्हय?" म्हणाले, आणि त्यांच्या मिशीत जे हसू आलं ते मी लपवून ठेवलेल्या खाऊसारखं अजून जपून ठेवलंय. त्या दिवशी ते दोन भाकऱ्या जास्त जेवले.

सुट्टी संपायच्या आधी मला एक गोष्ट लक्षात आली होती. बंद पडल्यावर कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला तर तो तव्यासारखा तापलेला असायचा. दौंडचा उन्हाळा, वरून मामीचं झालरीचं आवरण. मी आवरण काढलं, डब्याचा बाजूचा पत्रा काढला आणि उघड्या पोटासमोर टेबलफॅन लावला. गाडी पुलावर थोडी पुढे सरकली आणि मग बंद पडली. "पत्रा आता लावू नका, आत वारं लागू दे," असं मामीला बजावून मी शिरूरला परत आले. पुढे बरेच दिवस शेजारच्या फोनवर मामांचा निरोप यायचा. मी विचारायचे, कुठवर गेली? ते म्हणायचे, "उरळी. पर पुलाचा निम्मा केला आज."

दसरा झाला आणि हे बंद झालं. फोनवर विचारलं तर मामा म्हणाले, "न्हाई बसत आता. कामं आसत्यात." आवाज पुन्हा तसाच, आसंल कुठलंतरीसारखा. भाऊबीजेला आई आणि मी दौंडला गेलो तर मामा खाटेवर डोळे मिटून बसलेले. ओवाळताना आईनं विचारलं, "दादा, बरं न्हाई का?" तर म्हणाले, "बरं हाय की." फराळाच्या ताटातली एक चकली तेवढी मोडली. मामी मला पाणी काढायच्या निमित्तानं बाजूला घेऊन म्हणाली, "पेपर वाचीत न्हाईत. त्या मशीनकडं बघत न्हाईत. कवा कवा हातानं डोळं झाकून बसत्यात. इचारलं तर वसकन अंगावर येत्यात. तू बघ बाई, तुझं ऐकत्यात." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती रडणारी बाई नव्हती.

मी मामांना म्हणाले, चला, उरळीपर्यंत जाऊन येऊ. "नको मने," ते म्हणाले. मी हट्टानं एकटीच जाऊन मशीन लावलं. भोंगा मुद्दाम मोठा वाजवला. ते अंगणात भिंतीकडे तोंड करून बसले. गाडी पाटस सोडून पुढे निघाली आणि पडदा विचित्र झाला. बर्फावर आडवे जांभळे पट्टे उमटले. आभाळात हिरवे चौकोन. सिग्नल आला, त्याच्यावर ठिपक्यांचा चुरा, तांबडा की हिरवा काही कळेना.

"अगंबाई, हे काय झालंय?" मी ओरडले. "मामा, हे पट्टे कधीपासून यायला लागले?"

अंगणातून आवाज आला, "कसलं पट्टं?"

"हे काय, जांभळे. आडवे. आणि सिग्नलवर सगळे ठिपके!"

मामा उठून आत आले. पडद्याकडे न बघता आधी माझ्याकडे बघितलं. मग वाकून बोट पुढे केलं आणि एका पट्ट्यावर ठेवलं.

"तुला बी दिसत्यात व्हय?"

मला एका क्षणात सगळं कळलं. दसऱ्यापासून हा माणूस धरून बसला होता की आता डोळे पुरतेच चाललेत. एका तपासणीनं इंजिन गेलं, दुसरीत उरलंसुरलं जाईल, म्हणून कुणाला सांगायचं नाही. पडदा बिघडू शकतो हे त्यांच्या मनातच आलं नाही. आयुष्यभर सिग्नल नीट दिसला नाही तर दोष डोळ्यांचा, हेच त्यांना शिकवलेलं. मी त्यांचा हात धरला. "दिसतात मामा. मला स्वच्छ दिसतात. कार्ड बिघडलंय."

मामा मामीला कधीच नावानं हाक मारायचे नाहीत, नुसते ओरडले, "आगं, इकडं ये! आधी ये!" मामी पिठाच्या हातानं धावत आली. "हे बघ. काय दिसतंय?" मामी म्हणाली, "पट्टं दिसत्यात की. जांभळं. काय इस्कोट झाला ह्यो?" मग आईला बोलावलं. तिलाही दिसले. मग शेजारच्या क्वार्टरमधले गार्डबाबा फराळाला आले होते, त्यांना दंडाला धरून आणलं. "पट्टं हायती का न्हाई?" गार्डबाबा म्हणाले, "हायती ना." मी मशीन बंद करायला गेले, कार्ड आणखी तापू नये म्हणून, तर मामांनी माझा हात बाजूला केला. "थांब की. यासीनलाबी दाखवू." बिघडलेलं मशीन बघून एवढा आनंदी झालेला माणूस मी त्यानंतर पाहिलेला नाही. ते हसत होते आणि उपरण्यानं डोळे पुसत होते, आणि आम्ही सगळे उगाच इकडेतिकडे बघत होतो.

यासीन आला, त्यानं पट्टे आहेत अशी रीतसर साक्ष दिली, मग बॅटरी लावून उघड्या डब्यात डोकावला आणि खो खो हसायला लागला. कार्डावर एक चिमुकला पंखा असतो, कार्ड गार ठेवायला. त्या पंख्याच्या आसाभोवती दोरा गच्च गुंडाळलेला होता आणि पात्यांमध्ये झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या. मधोमध हळदीकुंकवाचं बोट. पंखा जागचा हलत नव्हता. सगळ्यांनी मामीकडे बघितलं.

मामी पदराशी चाळा करत म्हणाली, "खंडेनवमीला ह्यांच्या हत्याराची पूजा आसती. दरसाली ह्यांची बॅग, बत्ती, झेंडी मांडायची मी. औंदा काय मांडू? मंग म्हनलं, हेच ह्यांचं इंजिन. मनीनं पत्रा काढूनच ठिवला व्हता, आतच घातली माळ." बाहेरून एक मालगाडी चालली होती, ती जाईपर्यंत कुणाला बोलता येईना. गाडी गेल्यावर मामा म्हणाले, "बरूबर क्येलंस तू." त्यांच्या तोंडून मामीचं कौतुक मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मामी लगबगीनं चहा टाकायला निघून गेली.

यासीननं चिमट्यानं दोरा सोडवला, पाकळ्या वेचल्या, ब्रशनं आतली वर्षानुवर्षांची धूळ काढली. ती इतकी निघाली की उन्हाळ्यातल्या दुखण्याचंही कारण तीच असावी, असं तो म्हणाला. पंख्याला तेलाचा थेंब दिला आणि बोटानं टिचकी मारली तसा तो भिरभिरला. पडदा स्वच्छ झाला, बर्फ पुन्हा पांढरा. मामांनी टोपी घातली, खुर्ची ओढली. मी उजव्या हाताला बसले.

मामांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मामी विनूदादाकडे असते, त्या क्वार्टरमध्ये कोण राहतं मला माहीत नाही. मलाही चष्मा लागलाय. मुलीच्या लॅपटॉपवर आता गाडीच्या काचेवरचे थेंबसुद्धा खरे वाटतात, काही अडत नाही, काही तापत नाही. ती एकटी खेळते, कानाला हेडफोन लावून. शेजारची खुर्ची रिकामी बघितली की माझ्या तोंडात "हिरवा" हा शब्द येतो आणि मी तो गिळते. फार वाटतं की एकदा कुणीतरी हात पुढे करून माझ्याकडून तो म्हणवून घ्यावा.

त्या भाऊबीजेच्या दिवशी आम्ही पाटस सोडलं, केडगाव सोडलं, यवतला भोंगा दिला. उरळीला मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिरवा." मी बघून म्हणाले, "हिरवा." पूल आला. मामी, आई, यासीन, गार्डबाबा सगळे मागे उभे. चाकांचा आवाज पुलावर बदलला, तसाच राहिला, आणि मग पूल मागे पडला. कुणी टाळी वाजवली नाही, कारण मामा पुढे बघत होते. पुण्याची घरं लागली, मग फलाट. मामांनी ब्रेक इतका अलगद घेतला की गाडी कधी थांबली ते कळलं नाही. मग मात्र सगळे ओरडले. यासीन नाचलाच. मी उठून म्हणाले, "चला मामा, पोचलो! मामीनं चहा केलाय, उठा."

मामा हलले नाहीत. ब्रेकवर बोट तसंच, नजर त्या रिकाम्या बर्फाळ फलाटावर.

"थांब मने," ते म्हणाले. "मानसं उतरू देत आधी."